आर्क पळतो, पण हात कच्चा म्हणून नाही

वेल्डिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर, काम करताना आर्क (रॉड आणि कामामधली विजेची ज्योत) एका बाजूला पळत असेल तर हात कच्चा आहे किंवा रॉड ओलसर आहे, असं त्यात म्हटलंय. वर उपायही दिलेत: अर्थ क्लॅम्प (करंट मशीनकडे परत नेणाऱ्या केबलचा चिमटा) जोडाच्या अगदी लगत लावा, करंट वाढवा, पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे धन-ऋण टोकं बदला), आणि तरीही जमलं नाही तर टॉर्चने काम कोमट करा, म्हणजे 'चुंबक उडून जाईल'.

आधी हाताचं बघू. पुरावा असा दिला जातो की प्लेटच्या शेवटी आर्क बिघडतो, कारण तोवर हात थकलेला असतो. मग पहिल्याच इंचात तो का बिघडतो? तेव्हा तर हात ताजा असतो. नीट पाहिलं तर सुरुवातीला आर्क पुढे ढकलला जातो, शेवटी मागे, आणि मधल्या भागात शहाण्यासारखा वागतो. थकलेला हात असा हिशेब ठेवत नाही. करंटभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतंच, आणि त्याच्या रेषा हवेपेक्षा पोलादातून कितीतरी सहज जातात. प्लेटच्या मधोमध चहूबाजूंनी पोलाद असतं, म्हणून दाब सारखा. कडेशी आलं की रेषा उरलेल्या अरुंद पट्टीत दाटतात आणि दाटीच्या बाजूने आर्कला आत ढकलतात. होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, यंत्रमानवाच्या हातात दिला तरी हेच होईल. चुंबकाने आर्क हलतो हे हम्फ्री डेव्हीने १८२१मध्येच दाखवलं होतं. तेव्हा वेल्डर नावाची जमातच नव्हती.

ओल्या रॉडबद्दल थोडं मान्य करायला हवं. त्याने आर्क अडखळतो, ठिणग्या वाढतात, बीडमध्ये (वेल्डच्या पट्टीत) छिद्रं पडतात, हायड्रोजनमुळे पुढे भेगाही जातात. पण ओलावा आर्कला सतत एकाच दिशेला ढकलत नाही. रॉडवरचं आवरण एका बाजूला जाड असेल तर मात्र आर्क तिरका जातो. हे ओळखायला सोपं आहे: रॉड होल्डरमध्ये अर्धा फिरवून लावा. तिरकेपणाची दिशाही फिरली तर रॉड दोषी, नाही तर निर्दोष.

क्लॅम्प लगत लावण्याचा सल्ला सरळ उलटा आहे. करंट आर्कमधून खाली येतो आणि प्लेटमध्ये शिरून क्लॅम्पकडे वळतो. त्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला क्षेत्र दाटतं आणि आर्क क्लॅम्पपासून दूर ढकलला जातो. म्हणून क्लॅम्प शक्य तितका लांब, किंवा दोन टोकांना दोन. आर्क मागे येत असेल तर क्लॅम्प सुरुवातीच्या टोकाला लावून शेवटच्या जाड टॅककडे (आधी मारलेल्या छोट्या टाक्याकडे) वेल्ड करत जायचं. कडेच्या त्रासावर मात्र याचा परिणाम मर्यादितच. तिथे जोडाच्या दोन्ही टोकांना जादा पट्ट्या टॅक करणं जास्त कामी येतं. करंट वाढवण्याबद्दल एवढंच, की त्रास करंटच्या स्वतःच्या क्षेत्राचा असेल तर ते क्षेत्रही वाढतं. आर्क आखूड ठेवा, करंट थोडा उतरवा.

आता पोलॅरिटी. सगळ्या सल्ल्यात मला हा भाग आवडला, कारण उपाय म्हणून तो कुचकामी आहे आणि तपासणी म्हणून उत्तम. आर्कवरचा जोर करंट आणि क्षेत्र या दोघांवर ठरतो. क्षेत्र त्याच करंटने तयार केलेलं असेल, तर पोलॅरिटी बदलल्यावर दोन्ही एकदम उलटतात आणि जोराची दिशा होती तीच राहते. पण पोलादात आधीपासून चुंबकत्व मुरलेलं असेल तर ते तुमचं मशीन बघून दिशा बदलत नाही. फक्त करंट उलटतो, आणि पुढे पळणारा आर्क मागे पळू लागतो. म्हणजे दिशा बदलली तर दोष पोलादातल्या चुंबकत्वाचा. नाही बदलली तर कडेचा किंवा क्लॅम्पचा.

जुनं ट्रान्स्फॉर्मरचं मशीन असा त्रास देत नाही, हे अनुभवी लोक सांगतात ते खरंच आहे. कारण मशीनचा जुनेपणा नव्हे, एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट. एसीत प्लेटमध्येच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचं क्षेत्र मूळ क्षेत्राला बरंचसं खोडून काढतं. अडचण एवढीच की प्रत्येक रॉड एसीवर चालत नाही: ई६०१० फक्त डीसीचा, तर आवरणात पोटॅशियम असलेला त्याचा भाऊ ई६०११ एसीवरही चालतो.

पोलादात मुरलेलं चुंबकत्व येतं ते चुंबकी क्रेनने उचलल्यामुळे, चुंबकी तपासणीमुळे, कधी नुसतं बराच काळ एकाच दिशेत पडून राहिल्यामुळे. ९ टक्के निकेलचं पोलाद तर याबाबतीत फार हळवं. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या गॉसमीटरवर साधारण २० गॉसपर्यंत काम निभावतं आणि ४०च्या पुढे रूट पास (जोडाच्या तळाचा पहिला थर) हाताबाहेर जातो, असा कामावरचा ठोकताळा आहे. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. मोजमाप सुट्या टोकाशी घेऊन समाधान मानू नका. दोन पाईप समोरासमोर आणले की फटीतला आकडा चढतो.

आणि टॉर्च? लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला जातं. कोमट केल्याने किंवा वेल्डिंगआधी दिलेल्या दीडदोनशे अंशांच्या उष्णतेने (प्रीहीटने) ते हलत नाही. जोडाची कड लाल केली तरी मागचा अख्खा पाईप चुंबकच राहतो. त्यापेक्षा वेल्डिंगची केबल जोडाशेजारी पाईपला गुंडाळा, तिच्यातून डीसी सोडा आणि फटीतलं क्षेत्र शून्याजवळ येईपर्यंत करंट जुळवा. आकडा चढला तर केबलची टोकं अदलाबदल करा. हा करंट रूट पास पूर्ण होईपर्यंत तोडायचा नाही. एकदा फट धातूने भरली की रेषा त्या धातूतूनच पलीकडे जातात, आणि दुसऱ्या पासला तोच आर्क, त्याच हाताने, सरळ उभा राहतो.