‘भरपूर तेल, मजबूत रायफल’ : फिरत्या संदेशाला उत्तर

सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या, एनसीसीच्या आणि भरती अकादम्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. म्हणणं असं: एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) वर्षानुवर्षं टिकवायची तर रोज पूर्ण खोला, प्रत्येक भागाला भरपूर तेल द्या, तेल नसेल तर खोबरेल किंवा डिझेल चालतं, बॅरलमध्ये उकळतं पाणी ओता, काळे डाग विटेच्या भुकटीने घासा आणि गॅस कायम पूर्ण ठेवा, म्हणजे रायफल कधी अडकणार नाही. खाली ‘जुन्या उस्तादांचा सल्ला’ असा शिक्का. यातलं एक वाक्य उस्तादांचं असेलही, पण ते जुन्या .३०३ रायफलच्या काळातलं. बाकीचं मागाहून कुणीतरी चिकटवलंय.

७.६२ मिमी बोअरची ही रायफल नागरी परवान्यावर मिळत नाही. तेव्हा पुढचं सगळं तिच्यावर अधिकृतपणे काम करणाऱ्यांसाठी आहे.

पहिला आणि सगळ्यात घातक दावा ‘प्रत्येक भागाला भरपूर तेल’ हा. एसएलआर गॅसवर चालते. गोळी बॅरलमधून पुढे जाताना थोडा गॅस वर सिलिंडरमध्ये येतो, पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन ब्रीच ब्लॉक कॅरियरला, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक ज्यात बसतो त्या सरकत्या भागाला. पिस्टन, सिलिंडर आणि सिलिंडरचं पुढचं तोंड बंद करणारा गॅस प्लग हे तिन्ही भाग फायरिंगच्या वेळी कोरडेच हवेत. तिथलं तेल त्या गरम गॅसने जळतं, त्याचा कडक कार्बन बसतो आणि पिस्टन जड होतो. तपासायची रीत सोपी: स्प्रिंग न लावता पिस्टन सिलिंडरमध्ये टाका आणि रायफल पुढे-मागे कलती करा. तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडखळला तर कार्बन आहे, आणि त्यावर आणखी तेल हा उपाय नव्हे.

चेंबरचंही, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला राउंड (काडतूस) बसतो त्या जागेचंही, तेच. राउंड फुटला की पितळी खोका फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतो आणि मागचा बराचसा जोर ती भिंत पेलते. चेंबर तेलकट असेल तर पकड सुटते आणि तो जोर ब्रीच ब्लॉकवर जातो. बॅरलमध्ये तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे लागते. झिरोइंगच्या (साइट जुळवायच्या) दिवशी पहिला राउंड गटाबाहेर गेला की आधी हे बघावं. फायरिंग पिनच्या भोकात तेल साचलं तर त्यात धूळ आणि कार्बन मिसळून चिकटा होतो, पिनचा वार हलका पडतो आणि राउंड मिसफायर होतो.

मग तेल द्यायचं कुठे? कॅरियर ज्या खाचांतून सरकतो त्या, ब्लॉक आणि कॅरियर एकमेकांवर घासतात ते उतार, हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा भाग) आणि ट्रिगरच्या पिना, बॉडीची बिजागरी. प्रत्येक जागी एक थेंब, तोही बोटाने पसरून. मॅगझिन आतून कोरडं, राउंड तर पुसून पूर्ण कोरडे.

हवामानाचा भाग संदेशात नाहीच, आणि आपल्याकडे तोच महत्त्वाचा. पाटण-कोयनेच्या पावसात ठेवलेल्या हत्याराला सगळीकडे तेलाचा पातळ थर हवा, अगदी पिस्टनलासुद्धा; फक्त फायरिंगआधी तो पुसायचा. जत, आटपाडी, माण या भागात उन्हाळ्यात उलटं: बाहेरून तेलकट रायफल तासाभरात धूळ पकडते आणि ती धूळ तेलात कालवून खाचा घासत राहते. तिथे तेल कमी, पुसणं जास्त.

खोबरेल तेलाबद्दल एवढंच सांगतो की ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं तेल बघा, मग ते पिनांच्या सांध्यांत काय करत असेल ते कळेल. शिवाय हवेत राहून ते चिकट होतं. डिझेल आणि रॉकेल जुना मेणचट थर सोडवायला बरे, पण त्यांच्यामागे गंज रोखणारा थर राहत नाही. वापरलेच तर नंतर कोरडं पुसून हत्याराचं तेल लावावंच लागतं.

उकळत्या पाण्याला मात्र पूर्वी कारण होतं. .३०३ च्या जुन्या राउंडच्या प्राइमरमधून (राउंडच्या बुडाशी असलेल्या पेटवणाऱ्या मसाल्यातून) बॅरलमध्ये क्षार उरायचा. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, आणि दमट हवेत रातोरात गंज आणतो. म्हणून नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे. गरम बॅरल आपोआप वाळायचीही. क्षार न सोडणाऱ्या प्राइमरला याची गरज नाही. उलट एसएलआरमध्ये तेच पाणी गॅसच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये उतरतं आणि तिथे कुणी बघत नाही.

‘रोज पूर्ण खोला’ यात ‘पूर्ण’ म्हणजे किती, हे सांगितलेलं नाही, म्हणून क्रम लिहितो. मॅगझिन काढा. दोन-तीनदा कॉक करा (हँडल मागे ओढून सोडा), चेंबर डोळ्यांनी बघा, अंधार असेल तर करंगळी घालून बघा. हॅमर कॉक झालेला राहू द्या, सेफ्टी लावा, ट्रिगर दाबू नका. बॉडीचं लॉक दाबून रायफल बिजागरीवर उघडा, कॅरियरची शेपटी धरून ब्लॉक आणि कॅरियर एकत्र मागे ओढा, कव्हर सरकवून काढा. ब्लॉक कॅरियरमधून उचलून वेगळा करा. फायरिंग पिनचं मागचं टोक दाबून धरा आणि अडकवणारी पिन बाहेर ढकला. अंगठा सोडू नका, नाहीतर स्प्रिंग पिनला उडवते. पुढे गॅस प्लगचा खटका दाबून प्लग फिरवा, चेहरा बाजूला ठेवा कारण मागे स्प्रिंग दाबलेली असते, आणि पिस्टन स्प्रिंगसकट काढा. इथे थांबा. एक्स्ट्रॅक्टर (खोका ओढून काढणारा आकडा), ट्रिगरचा संच आणि बटातल्या स्प्रिंगा हे आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं काम. रोज तिथे हात घातला तर पिनांची भोकं सैल होतात आणि बारीक स्प्रिंगा हरवतात.

साफसफाई फायरिंगच्या दिवशीच, आणि पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा, कारण पोलादावर राहिलेला मळ नंतर वर येतो. पुसायची चिंदी ४ इंच बाय २ इंच, तेलाची ४ बाय दीड. पुल थ्रूचं (बॅरल पुसायच्या दोरीचं) वजन चेंबरकडून सोडा, मझलकडून (बॅरलच्या पुढच्या तोंडाकडून) सरळ ओढा. तिरकं ओढलं की दोरी मझलच्या एकाच कडेला घासते, तिथे खाच पडते आणि ग्रुपिंग (गोळ्या एका ठिकाणी लागणं) बिघडतं. ही खाच भरून निघत नाही. ब्रश बॅरलच्या मध्येच उलटा फिरवू नये, पूर्ण बाहेर काढूनच परत घालावा.

जोडताना दोन चुका हमखास होतात. गॅस प्लग उलटा बसला तर गॅस बंद होतो. गोळी सुटते, पण प्रत्येक राउंडला हाताने कॉक करावं लागतं, आणि लोक दोष मॅगझिनला देतात. दुसरी, मध्येच ट्रिगर दाबून हॅमर सोडलेला असतो, मग बॉडी मिटत नाही आणि जोर लावून मिटवायला बघतात. हॅमर मागे दाबून कॉक करा, बॉडी सहज मिटते.

विटेच्या भुकटीवर फार लिहिण्यासारखं नाही. रायफलवरचा काळपट थर हा मळ नव्हे. तोच तेल धरून ठेवतो. तो घासून चकाकी आली की गंजाला मोकळी जागा मिळाली.

राहिला ‘गॅस कायम पूर्ण’. गॅस किती द्यायचा ते ठरवणारा रेग्युलेटर उघडा असला की जादा गॅस बाहेर जातो, मिटला की सगळा पिस्टनवर येतो. सगळा गॅस दिला तर कॅरियर मागे जोरात आदळतो, एक्स्ट्रॅक्टर खोक्याची कड फाडतो, खांद्यालाही जास्त बसतं. बरोबर पद्धत रेंजवर, उस्तादांसमोर: रेग्युलेटर पूर्ण उघडा, एकेक राउंड फायर करा, एकेक खटका मिटवत जा. खोका नीट बाहेर पडून पुढचा राउंड चेंबरमध्ये आला की त्यावर आणखी दोन खटके मिटवा. एरवी चालणारी रायफल अचानक अडकायला लागली तर रेग्युलेटरला हात लावण्याआधी पिस्टन तपासा. गॅस वाढवून कार्बनवर मात केली तर पुढच्या वेळी आणखी वाढवावा लागतो, आणि शेवटी वाढवायला खटकाच उरत नाही.

हाच संदेश वाचून बँकेच्या दारावर उभे असणारे काही माजी सैनिक आपल्या १२ बोअर दुनळीलाही हे सगळं करतात. दुनळीत गॅसचे भाग नाहीत, पण चेंबर कोरडं ठेवण्याचा नियम तिथेही तोच. बिजागरीच्या पिनेला किंचित ग्रीस, नळ्यांतला प्लॅस्टिकचा आणि शिशाचा थर ब्रशने, आणि चामड्याच्या कव्हरमध्ये पावसाळाभर बंदूक ठेवू नये. चामडं ओल धरतं. नळीत डाग खोल गेलेला दिसला तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी, सोबत परवाना घेऊन.