आजारपणानंतर नोकरी : माझ्याच पोस्टमधली चूक

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, ‘आजारपणामुळे अपंगत्व आलं तरी कुठलीही कंपनी कामावरून काढू शकत नाही, दुसरं काम द्यावंच लागतं.’ ही पोस्ट बरीच फिरली. त्यात ‘कुठलीही कंपनी’ हे चूक आहे.

परवा एका ताईंचा फोन आला. नवरा खासगी कारखान्यात, अर्धांगवायूनंतर उजवा हात अजून उचलत नाही. माझी पोस्ट छापून ते साहेबांकडे निघाले होते. मग मी कायदा पुन्हा उघडला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 20(4). हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. म्हणजे सरकारी खाती, नगरपालिका, जिल्हा परिषदा, सरकारी कंपन्या, अनुदानित संस्थासुद्धा. तिथे सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. चालकाला गाडी जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आवक-जावकच्या टेबलावर बसवता येतं. कुठेच जागा नसेल तर अधिसंख्य पदाची, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा पदाची, तरतूद आहे. मात्र साधं आजारपण म्हणजे अपंगत्व नव्हे, प्रमाणपत्र लागतं.

खासगीत कलम 21 चा आधार आहे: प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी काय सोयी करणार ते, जाहीर करायचं असतं. एचआरकडे ते लेखी मागा. बसून करायचं काम, सुरुवातीला कमी तास, हे अर्जात स्पष्ट लिहा. ताईंनाही तेच सांगितलं.

जुनी पोस्ट काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलेत त्यांना हे पाठवा.