कल्चरमध्ये जंतू आले, तरी अँटिबायोटिक का दिलं नाही?

नमस्कार. आपण आमच्या रुग्णालयाला एक तारा देऊन तीन तक्रारी लिहिल्या आहेत: लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू येऊनही अँटिबायोटिक दिलं नाही, नऊ दिवस लघवीची नळी बदलली नाही, आणि बॅग पलंगावर ठेवली म्हणून सिस्टर ओरडल्या. रुग्णाचे कागद इथे उघड करता येत नाहीत, म्हणून आमची पद्धत आणि तिची कारणं तेवढी सांगतो.

नळी घातली की तिच्यावर जंतूंचा चिकट थर धरू लागतो. नळी असलेल्या दर शंभर रुग्णांमागे रोज साधारण 3 ते 7 जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच. त्यामुळे रिपोर्टवरच्या ‘ई. कोलाय (जंतूचं नाव), एक लाखाच्या वर’ एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. गढूळपणावरून किंवा वासावरूनही नाही. थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, दुसरं कारण नसताना अचानक असंबद्ध बोलणं, असं काही असलं तर औषध सुरू करतो. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया हे अपवाद. उगाच दिलेल्या औषधाने थरातले जंतू पुरते मरत नाहीत. उरतात ते चिवट, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘आर’ची (रेझिस्टंट, म्हणजे औषध जंतूंवर चालत नाही) रांग लागते.

शिवाय आपण जोडलेला रिपोर्ट बॅगेतल्या लघवीचा आहे. तिथे तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू वाढतच राहतात. नमुना घ्यायचा तो पोर्टमधून, म्हणजे नळीवरच्या नमुना घ्यायच्या जागेतून: त्याखालची नळी थोडा वेळ क्लॅम्प करायची, पोर्ट स्पिरिटने पुसायचा, निर्जंतुक सिरिंजने लघवी ओढायची. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर नवी घालून तिच्यातून.

नळी ठरावीक दिवसांनी बदलत नाहीत. तुंबली, गळू लागली किंवा संसर्ग झाला तरच. एरवी प्रत्येक बदलात नवे जंतू आत जाण्याची संधी. ‘आज नळी काढता येईल का?’ हे मात्र रोज राउंडला जरूर विचारा.

सिस्टरांचा सूर कडक लागला असेल, सूचना बरोबरच होती. बॅग वर आली की लघवी उलटी मूत्राशयात जाते. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता हवी.

नळी काढल्यानंतरही थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्रीसुद्धा थेट कॅज्युअल्टीत आणा. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक आधी देऊ नका, नाहीतर कल्चरमध्ये कदाचित काही उगवणार नाही.