चिठ्ठ्या खऱ्या होत्या, पण वेळापत्रक?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि तिरीमिरीत चार ओळी लिहिल्याही होत्या. बरं झालं पाठवल्या नाहीत. आज सुट्टी आहे, लेक प्रॅक्टिसला गेलीये, तेव्हा नीट बसून लिहिते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाण्यातल्या एका शाळेने भरवलेल्या निमंत्रित आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेबद्दल मी लिहिलं होतं. माझी मुलगी नवी मुंबईतल्या शाळेकडून सतरा वर्षांखालील गटात खेळते. वेळापत्रक यजमानांच्या सोयीचं होतं, असं माझं म्हणणं. त्यावर तुम्ही लिहिलंत, तेही नाव न देता, "एक क्रीडाशिक्षक" म्हणून: "मॅडम, स्टँडमध्ये बसून टीका करणं सोपं असतं. रेफ्रींचं मानधन, पाण्याचे जार, चषक, मुलांचा नाश्ता, माइक, सगळं यजमान शाळा बघते. चिठ्ठ्या सगळ्या कोचसमोर निघाल्या. मग अन्याय झाला कुठे? आपल्या मुलींना जरा सोयीची वेळ घेतली तर काय बिघडलं? एवढाही फायदा नसेल तर उद्या स्पर्धा भरवणार कोण?"

आधी माझी चूक. मुलांच्या नॉकआउटमध्ये ११ संघ होते. ११ च्या पुढचा दोनाचा घात १६, म्हणजे ५ संघांना बाय (पहिली फेरी न खेळता थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश) द्यावीच लागणार. त्यातली एक यजमानांना होती आणि मी लिहिलं, "यजमानांनी बाय घेतली." नंतर दोन कोचना फोन केले. ती चिठ्ठी दुसऱ्याच शाळेच्या एका पोराने सगळ्यांसमोर उचलली होती. तेव्हा "घेतली" हे चूक, "मिळाली" हवं होतं. आज सकाळी लेखात दुरुस्ती केली आहे. त्या शाळेच्या शिक्षकांची माफी मागते, आणि हे ध्यानात आणून दिल्याबद्दल तुमचे आभार.

पण मुलींच्या गटाबद्दल मी जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. कारण तिथे प्रश्न चिठ्ठीचा नव्हताच.

मुलींचे ९ संघ, तीन-तीनचे तीन गट. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठीने ठरलं. अगदी मान्य. पण गटात अ कोण, ब कोण आणि क कोण, हे कुणी ठरवलं? ते छापील कागदावर आलं. तीन संघांच्या गटात तीनच सामने: अ–ब, ब–क, क–अ. आता पेन घेऊन बघा. ब ला पहिला आणि दुसरा सामना लागोपाठ. क ला दुसरा आणि तिसरा लागोपाठ. मध्ये एक आख्खा सामना विश्रांती फक्त अ ला. शिवाय शेवटचा सामना अ चा, म्हणजे आपल्याला नेमकं काय हवंय हे ठाऊक असून मैदानात उतरायचं. क ही त्याच सामन्यात असतो, पण तो दमलेला. तीन खुर्च्यांतली एक गादीची, दोन लाकडी. आणि गादीच्या खुर्चीवर यजमान. त्यांच्या गटात ब आमची शाळा होती.

आता रविवारची सकाळ सांगते. आमच्या मुली कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरची ५.५० ची गाडी पकडून ठाण्यात उतरल्या, तिथून रिक्षांनी घोडबंदर रोडने शाळेत. पोहोचल्या तेव्हा सव्वासात वाजले होते. निम्म्या जणींच्या पोटात फक्त चहा-बिस्कीट. आठला पहिला सामना यजमानांशी. तो आम्ही ६ गुणांनी जिंकला, त्यांच्या ग्राउंडवर, त्यांच्या ढोलताशासह. सव्वानऊला दुसरा. मध्ये जेमतेम वीस मिनिटं मिळाली, त्यात जर्सी पिळून वाळत घालायची की केळं खायचं, हाच प्रश्न.

दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरनंतर जे दिसलं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही रोज बघता. दमलेल्या खेळाडूचा शॉट डावी-उजवीकडे जात नाही, आखूड पडतो. पायातला जोर गेलेला असतो. आमच्या मुलींचे एकामागून एक शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत होते. खाली ऑक्टोबरचं ऊन खाल्लेलं सिमेंट. आमची सेंटर पोटरी धरून बाकावर बसली, कोच तिच्या पायाचा अंगठा मागे ओढतायत आणि एक आई ओआरएसचं पाकीट दातांनी फाडतेय. (ती आई मीच.) ३ गुणांनी हरलो.

गुणफरकाचा (केलेले गुण वजा खाल्लेले गुण) हिशेब असा झाला: आम्ही अधिक ३, क अधिक ३, यजमान उणे ६. गटातून एकच संघ पुढे जाणार. तिसऱ्या सामन्यात क जिंकला असता तर विषयच संपला. यजमान जिंकले तर तिघांचाही एक विजय, एक पराभव, आणि मग गुणफरक. यजमानांना निखळ पुढे जायला १० गुणांनी जिंकायचं होतं. आठला त्यांना हा आकडा माहीत असणं शक्य नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. साडेदहाला मात्र तो त्यांच्या कोचच्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेला होता. मी स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाच्या मागेच उभी होते, डोळ्यांनी पाहिला.

शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा यजमान ८ ने पुढे होते. आणि पुढे असलेल्या संघाने टाइमआउट मागितला! ८ ने जिंकणारा कोच घड्याळ पळू देतो, थांबवत नाही. थांबवतो तो ज्याला अजून दोन हवेत. तिकडे क च्या सरांनी राखीव मुली उतरवल्या होत्या. त्यांचा संघ हरला तर किती गुणांनी हरला याला काही अर्थ नव्हता, मग सगळ्या मुलींना खेळायला मिळू दे, हा त्यांचा विचार. चांगलाच विचार. यजमान ११ ने जिंकले.

यात लबाडी कुणी केली? कुणीच नाही. टाइमआउट नियमात, राखीव मुली नियमात, गुणफरकही नियमात. ज्या मुलींनी प्रेस लावून (कोर्टभर समोरच्यांच्या अंगावर जाऊन) ते शेवटचे गुण काढले त्या जीव तोडून खेळल्या, त्यांचं कौतुकच आहे. माझं भांडण त्या मुलींशी नाही, त्या कागदाशी आहे.

आणि हे काही घोडबंदर रोडवर पहिल्यांदा घडलं असं नाही. १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकात यजमान अर्जेंटिना होता. अंतिम फेरीसाठी अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात चढाओढ. ब्राझीलचा सामना आधी ठेवला, त्यांनी पोलंडला ३–१ हरवलं. मग संध्याकाळी अर्जेंटिना पेरूविरुद्ध उतरला, चार गोलांनी जिंकायचंय हे माहीत असून, आणि ६–० जिंकला. पुढच्याच विश्वचषकात, १९८२ मध्ये, अल्जीरियाचे सामने संपल्यावर दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. जर्मनीने एक गोल केला, त्या निकालात दोघेही पुढे जात होते, मग दोघांनीही चेंडू इकडून तिकडे ढकलत वेळ काढला आणि अल्जीरिया घरी गेला. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात. आपल्या शाळांकडे एकच कोर्ट, त्यामुळे तो उपाय आपल्याला नाही. म्हणून तर क्रम कोण लिहितो हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं.

तुम्ही म्हणाल, एवढा खोल विचार करून कोण कागद बनवतं? बरोबर आहे. कुणीच नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मी स्वतः बनवलाय.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेने स्पर्धा भरवली. सरांना एक्सेल जमत नाही, बँकेत काम करते म्हणून पालकांमधून मला पकडलं. रात्री अकराला लॅपटॉप उघडला आणि पहिल्या रकान्यात काय टाइप केलं? आपल्याच शाळेचं नाव. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. पत्रिकेवर यजमानाचं नाव वर असतं तसंच. तिथून पुढे सगळं आपोआप. आमच्याकडे चारचे गट होते: पहिलं नाव जागेवर ठेवायचं, बाकीची फिरवायची, ही नेहमीची पद्धत. सहा सामने होतात. अ चे सामने पहिला, तिसरा, पाचवा, दर वेळी मध्ये श्वास घ्यायला एक सामना. ब चे दुसरा, चौथा, पाचवा, म्हणजे शेवटचे दोन लागोपाठ. क चे दुसरा, तिसरा, सहावा. पनवेलहून येणारी शाळा मी सकाळी साडेसातला टाकली, कारण रकाना रिकामा होता. त्या मुली घरून किती वाजता निघाल्या असतील हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही. आम्ही उपविजेते झालो. फोटो अजून फ्रिजवर लावलेला आहे, आणि घोडबंदरहून परत आल्यापासून त्याच्याकडे बघायला जरा अवघड होतं.

म्हणून "सोयीची वेळ घेतली तर काय बिघडलं" याला माझं उत्तर असं: यजमानाला घरचं ग्राउंड मिळतंच. रिंगचा कुठला बोल्ट सैल आहे, कुठल्या कोपऱ्यात चेंडू कमी उसळतो, सगळं त्याच्या मुलांना पाठ. आख्खी शाळा ओरडायला. रात्रीची झोप घरच्या गादीवर. हे त्याचं हक्काचं, पैसे खर्चून आणि घाम गाळून कमावलेलं, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात, आणि इथे वाढपी ओळखीचा नाही, जेवणाराच वाढपी आहे. आमच्या घरी दोन मुलांत आंबा कापायचा असला की साधा नियम आहे: कापेल त्याने फोड शेवटी उचलायची. कापणाराचा हात आपोआप सरळ चालतो.

तसंच करा ना. गट चिठ्ठीने काढता, तशाच अ-ब-क च्या चिठ्ठ्याही काढा, दोन मिनिटांचं काम. नाहीतर तीनच्या गटात यजमानांनी ब ची जागा आपणहून घ्यावी: पहिला आणि दुसरा सामना त्यांचा, शेवटचा नाही. घरचं ग्राउंड एका पारड्यात, लागोपाठचे सामने दुसऱ्या. काही ठिकाणी पहिल्या सामन्यात हरलेला संघ लगेच तिसऱ्याशी खेळतो. तेही चालेल, तेव्हा निदान कागद आधीच छापलेला नसतो. आणि लांबच्या शाळेला सकाळचा पहिला सामना देताना एकदा ट्रान्स-हार्बरचं टाइमटेबल बघा. परतीचं बघितलं नाहीत तरी चालेल. पण रविवार असेल तर मेगाब्लॉक बघाच.

पावसाळ्यातल्या पुढे ढकललेल्या सामन्यांबद्दलही लिहायचं होतं, पण तो वेगळाच तमाशा आहे. वायपरने कोर्ट सुकवून कुणाचा सामना होतो आणि कुणाचा "मंगळवारी बघू" होतो, आणि मंगळवारी नेमकी पाहुण्यांची घटक चाचणी कशी असते, ते पुन्हा कधीतरी.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मात्र मला खरोखर अडवलं. फायदा नसेल तर भरवणार कोण? मला या प्रश्नाची भीती वाटते, कारण या निमंत्रित स्पर्धा बंद पडल्या तर नुकसान आमच्याच मुलींचं. सरकारी शालेय स्पर्धेत एक सामना हरलं की वर्ष संपलं. बेलापूरच्या पुढचंच लोकलचं स्टेशन खारघर, पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या मुली एकमेकींसमोर येतच नाहीत. येतात त्या तुमच्यासारख्या कुणीतरी जार आणि चषकांचा खर्च अंगावर घेतल्यामुळे. हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. पण सर, खर्चाचा मोबदला वेळापत्रकातून वसूल करू नका. प्रवेश फी वाढवा. आम्ही पालक कुरकुर करू आणि देऊ. पाण्याचे जार पाहुण्या शाळांमध्ये वाटून द्या. टेबलवर माणसं कमी पडतात? स्कोअरशीट भरायला मला येतं, टीम फाउल आणि अ‍ॅरो (पुढचा चेंडू कुणाचा हे दाखवणारा बाण) दोन्ही सांभाळते, शिट्टी तेवढी झेपत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळेची स्पर्धा जानेवारीत असते. तारीख कळवा, दोन्ही दिवस टेबलवर बसायला येते. एक्सेलही करून देईन, फक्त अ च्या रकान्यात तुमचं नाव मी टाकणार नाही.