'भारतात इंडेक्स फंड चालत नाही' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात जसेच्या तसे घेणारा फंड) अमेरिकेत ठीक, आपल्याकडे स्वतः शेअर निवडणारा फंड मॅनेजर निफ्टीला, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाला, आरामात मागे टाकतो, खर्च जेमतेम एक टक्का जास्त, मंदीत तो पैसेही वाचवतो, इंडेक्स फंडाला मात्र येस बँकेसारखे शेअरही धरून बसावं लागतं. फॉरवर्डच्या शेवटी दहा फंडांच्या वीस वर्षांच्या परताव्याचा तक्ता.

'आरामात मागे टाकतो.' टाकत होता, पण कसा? २०१८ च्या सुरुवातीपर्यंत फंड आपली तुलना निफ्टीच्या नुसत्या भावाशी करत. फंडाच्या एनएव्हीत, म्हणजे एका युनिटच्या किमतीत, कंपन्यांचा लाभांश धरलेला, निफ्टीच्या आकड्यात नाही. म्हणजे वर्षाला साधारण एक-सव्वा टक्क्याची आघाडी शर्यतीआधीच पदरात. फेब्रुवारी २०१८ पासून बाजार नियामक सेबीने लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, तुलना सक्तीची केली. दुसरी सवलत याहून गोड होती. स्वतःला लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे) म्हणवणारे फंड मिडकॅप, म्हणजे मध्यम कंपन्यांचे, शेअर भरत आणि मग निफ्टीला हरवल्याचं सांगत. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने तीही गेली: आता अशा फंडाचे किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच हवेत. त्यानंतरचे एसअँडपीचे स्पिवा अहवाल चाळा, त्यांत अशा फंडांची निर्देशांकाशी तुलना असते. लार्ज कॅप गटातले बहुतेक फंड निर्देशांकाच्या मागेच दिसतात.

'एक टक्क्याने काय होतं?' दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी, २० वर्षं, परतावा १२ टक्के धरला तर सुमारे १ कोटी होतात. ११ टक्के धरला तर ८७ लाखांच्या आसपास. गुंतवले २४ लाख, आणि 'जेमतेम' म्हणून सोडून दिले साडेबारा लाख! बरं, हा खर्च रोज थोडा थोडा एनएव्हीतूनच वळता होतो, त्यामुळे बिल कधी हातात पडत नाही. त्यातून एजंटामार्फत रेग्युलर प्लॅन घेतला असेल तर कमिशनही त्यातच. एजंटाविना थेट घ्यायचा डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून उपलब्ध आहे, पण फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख नाही. का नसावा, हे तुम्हीच ओळखा.

मंदीचं म्हणाल तर ८० टक्के पैसे मोठ्या कंपन्यांत अडकलेला मॅनेजर पळून पळून पळणार कुठे?

येस बँकेचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. मार्च २०२० मध्ये ती निफ्टीतून बाहेर काढली गेली. त्याआधीची घसरण इंडेक्स फंडांनी सोसली. पण पडत जाणाऱ्या शेअरचं निर्देशांकातलं वजनही आपोआप घटत जातं. शिवाय तो शेअर मॅनेजरने निवड करणाऱ्या अनेक सक्रिय फंडांकडेही होताच.

इंडेक्स फंड हे अमेरिकी खूळ, असंही सुचवलंय. यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड २००० सालचा आहे. नोकरदारांच्या पीएफचा काही हिस्साही २०१५ पासून निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या इंडेक्स फंडांमध्ये, जातो.

मिडकॅप-स्मॉलकॅपबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. तिथे निवडीला वाव जास्त आहे, आणि चांगला मॅनेजर सापडलाच तर त्याची फी वसूल होऊ शकते.

राहिला तो तक्ता. त्यात आज टिकून असलेले, त्यातही वरचे दहा फंड आहेत. मधल्या काळात बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या योजनेत विलीन झालेल्या फंडांची नावं त्यात येणार तरी कशी? तक्ता करायचाच तर वीस वर्षांपूर्वीच्या यादीतले पहिले दहा फंड घ्या आणि त्यांचं पुढे काय झालं ते मांडा.