‘हालू नको’ आणि ‘मी जेवलो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

लेकीच्या बडबडीवर मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. मी दोनदा वाचली, रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांचं म्हणणं असं, की लेक मराठीत कन्नड मिसळून बोलते आणि मी त्याचं कौतुक करते. ज्या बेळगावात मराठीसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, तिथल्या आईनं मुलीची भाषा अशी भेसळीची होऊ देऊ नये. मुलगी असून ‘मी जेवलो’ म्हणते, तेवढं तरी सुधारावं. आणि लेकराच्या चुकांवर हसून त्या चारचौघांत मांडणं बरं नव्हे.

तुमचे वडील १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे तुमचा राग कुठून येतो ते मला कळतं. त्या आंदोलनात गेलेल्यांसाठी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आमच्याही घरातून कुणी ना कुणी जातंच. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घालायचं ठरलं तेव्हा इथं गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसाची आठवण म्हणून दर १७ जानेवारीला सासरे सकाळी अंघोळ करून हुतात्मा चौकात जातात, ताप असला तरी जातात. हे सगळं बघतच माझी लेक वाढणार आहे. तेव्हा या गोष्टी मी हलक्यात घेते असं कृपा करून समजू नका.

पण ‘भेसळ’ हा शब्द मला लागला. दुधात पाणी घालतात ती भेसळ. लेक जे करते ते तसं नाही, आणि रोज जवळून बघते म्हणून मी हे खात्रीनं सांगते.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. सकाळी गल्लीतले माग सुरू झाले की त्या खडखडाटात आवाज चढवल्याशिवाय बोलणं ऐकू येत नाही. लेक पावणेतीन वर्षांची, पण तिचाही आवाज तसाच खणखणीत झालाय. भिंतीला भिंत लागून जे घर आहे तिथल्या अज्जी कन्नड बोलतात. सासूबाईंना ती ‘आजी’ म्हणते आणि शेजारच्यांना ‘अज्जी’. ऐकणाऱ्याला एकच वाटतं, पण तिनं आजवर एकदाही अदलाबदल केलेली नाही. सकाळी अज्जी दारातून विचारतात, ‘हालु बेका?’ हालु म्हणजे दूध. लेक ‘बेकु’ म्हणून पळते, नाहीतर ‘ब्याड’ म्हणून तोंड फिरवते.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. मी तिची वेणी घालत होते. ती सारखी मान वळवत होती, म्हणून म्हटलं, ‘हालू नको गं.’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘बरं, हालू नको. चहा दे.’

मला हसू आवरेना, तेच मी लिहिलं होतं. तुम्हाला त्यात गोंधळ दिसला. मला दिसलं ते असं, की तिच्या डोक्यात ‘हालू’चे दोन अर्थ तयार होते, त्यातला एक तिनं उचलला आणि त्यावर ‘नको’ अगदी मराठी रीतीनं लावून वाक्य पुरं केलं. आजही वेणी घालताना मी ‘हालू नको’ म्हटलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. दूध म्हणते आहे की मान, ते बघते. मग गप बसते.

कोळ्याची गोष्ट तर मी लिहिलीच नव्हती. न्हाणीच्या भिंतीवर एक मोठा कोळी बसला होता. म्हटलं, ‘कोळी बघ.’ कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी, आणि अज्जींच्या परड्यात चार कोंबड्या आहेत. लेक खाली बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग विचारलंन, ‘पिसं कुठाय?’ मी सांगितलं, ह्याला पिसं नसतात. ‘अंडं?’ अंडी घालतो, पण बारीक बारीक. तिला काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अज्जींचा पदर धरून त्यांना न्हाणीपर्यंत घेऊन आली, बोट दाखवलं आणि ठासून म्हणाली, ‘इदु कोळी अल्ला.’ ही कोंबडी नव्हे. आणि तिथल्या तिथं माझ्याकडे वळून, ‘आई, हा कोळी आहे.’

काका, शब्द एकच, समोर बसलेला जीवही एकच. अज्जींना ती सांगते हा कोळी नाही, मला सांगते हा कोळी आहे, आणि दोन्ही खरं. ज्या लेकराच्या डोक्यात भाषांचा काला झालाय त्याला हे जमेल का?

दुपारी ती खुर्च्या एकामागे एक लावून बस करते. कंडक्टर ती, प्रवासी तिची बाहुली आणि मी. कंडक्टर झाली की ‘मुंद होगरी, मुंद होगरी’ म्हणत सगळ्यांना पुढं सरकवते. आणि बाहुलीच्या वतीनं बारीक आवाज काढून म्हणते, ‘खानापूर एक द्या.’ तिला कुणी सांगितलं, की इथं कंडक्टर बहुतेक कन्नड बोलतो आणि खानापूरची बाई मराठी? कुणीच नाही. माहेरी जाता-येता तिनं ऐकलं आणि उचललं.

दोन वर्षांची झाली तेव्हा मलाही काळजी होती, खोटं कशाला बोलू. दोन भाषांमुळे ती मागे पडेल का, असं तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलण्यात मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मी घरी येऊन वहीत लिहायला बसले. साधारण या वयाला पन्नासेक शब्द आणि दोन-दोन शब्द जोडून बोलणं बघतात. आमची वही पहिल्याच संध्याकाळी दोन पानं भरली.

चुकांबद्दल. ‘मी करलं’ म्हणते, हे तुम्ही खास उचलून दाखवलंत. पण बसचं बसलं होतं, उठचं उठलं होतं, पडचं पडलं होतं, मग करचं करलं का होऊ नये? तिनं ‘करलं’ कुणाकडून ऐकलेलं नाही. आमच्या घरात कुणी तसं म्हणत नाही. म्हणजे ते तिनं स्वतः नियम लावून बनवलंय. ‘घेलं’, ‘देलं’ हेही तसंच. मी तिला ‘चूक’ म्हणत नाही. ती म्हणाली ‘आई, मी करलं’, की मी म्हणते, ‘तू केलंस? काय केलंस?’ एवढंच. महिनाभरात ‘केलं’ आलं. ‘घेलं’ अजून आहे, तेही जाईल, आणि गेलं की मला थोडं वाईट वाटेल.

आता ‘मी जेवलो’. यावर मात्र मी तुमचं ऐकणार नाही. माझी आजी ‘मी आलो’ म्हणायची. आई म्हणते, सासूबाई म्हणतात, बाजारात भाजी विकणारी बाई म्हणते. कोल्हापूरपासून खाली आमच्यापर्यंत बायका असंच बोलत आल्यात. घरात मीही ‘येतो गं’ म्हणूनच बाहेर पडते. इथं ‘लिहिते’, ‘सांगते’ लिहितेय ते शाळेत शिकवलं म्हणून. लेकही शाळेत जाईल तेव्हा शिकेल, आणि तिला मराठी शाळेतच घालायचं हे आमचं ती पोटात असतानाच ठरलंय. पण ‘काय करूलालीस गं?’ असं विचारणाऱ्या आजीच्या मांडीवर बसून तिनं ‘मी जेवले’ म्हणावं, म्हणजे तिनं आजीपेक्षा वेगळं बोलावं, हे मला कसं पटावं? इथं जे मराठी टिकलं ते याच बायकांच्या तोंडी टिकलं. दुकानांच्या पाट्या बदलल्या, कागदपत्रांची भाषा बदलली, चुलीपुढचं बोलणं बदललं नाही. ते तुम्ही अशुद्ध म्हणून बाजूला काढलंत तर आमच्या हाती उरतं काय?

आणखी एक सांगते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. १९८६ च्या आंदोलनाचं नावच सांगतं, की लोक सक्तीविरुद्ध उठले होते. कन्नड बोलणाऱ्या शेजारणीविरुद्ध नव्हे. लेक तापानं फणफणली होती तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसलेल्या अज्जींशी ‘त्यांच्या भाषेत बोलू नको’ असं मी तिला सांगितलं, तर तीही सक्तीच होईल, फक्त करणारी मी असेन. मराठी पक्कं व्हायला तिला भरपूर मराठी ऐकायला मिळालं पाहिजे. ते मी देते. दिवसभर तिच्याशी बोलते, भाकरी थापताना गोष्ट सांगते, सासरे रात्री तिला शिवाजीमहाराजांच्या गोष्टी सांगतात. तिचं कन्नड काढून घेतल्यानं यात शब्दाचीही भर पडणार नाही.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र खरा आहे. तो वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

‘हालू नको, चहा दे’ झाल्यानंतर मी ते नणंदेला फोनवर सांगितलं, आईला सांगितलं. रविवारी पाहुणे आले तेव्हा लेकीला म्हटलं, ‘सांग गं, काय म्हणालीस?’ तिनं सांगितलं, सगळे हसले. पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि पदरात तोंड लपवलं. दिवसभर बोलणारं लेकरू त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत बोललं नाही. मला तेव्हा ते लाजणं वाटलं, आणि मी लेखात तसंच, गमतीनं लिहून टाकलं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते तोंड लपवणं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. तिचं म्हणणं तिच्या लेखी अगदी सरळ होतं. माणसं का हसतात ते तिला कळलं नव्हतं.

तेवढा परिच्छेद आज काढून टाकला. पाहुण्यांपुढं तिला काही म्हणून दाखवायला लावायचं नाही, असं घरात सगळ्यांना सांगितलंय. तिचं बोलणं वहीत लिहून ठेवणं चालू राहील, इथंही लिहीन, पण ती मोठी होऊन वाचेल तेव्हा तिला काय वाटेल हे आधी बघीन. हे तुमच्यामुळे सुचलं, आणि त्यासाठी मनापासून आभार.

जाता जाता एक विचारते. तुमचं मूळ घर शहापुरातलं असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या आई घरात काय म्हणायच्या हो, ‘मी आले’ की ‘मी आलो’? आठवत असेल तर जरूर कळवा.