ही देवाणघेवाण आपल्याकडे जुनीच आहे

परदेशी तरुणांसोबत स्वयंसेवा करण्याची कल्पना भारतात ‘गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुजली’, हे अशा स्वयंसेवी शिबिरांवरच्या तुमच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधल्या व्हर्दंजवळचं एक गाव पुन्हा उभं करायला 1920 मध्ये वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक जमवले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. 1934 च्या बिहार भूकंपानंतर हाच माणूस सहकाऱ्यांना घेऊन तिथली गावं वसवायला आला होता. पुढे पन्नासच्या दशकात याच संस्थेचे तरुण आनंदवनात बाबा आमट्यांकडे आले आणि कुष्ठरुग्णांच्या सोबतीने त्यांनी बांधकाम केलं. ज्या काळात आसपासची माणसं तिथे पाणी प्यायला कचरायची, त्या काळातली ही गोष्ट आहे!

दुसरं म्हणजे, लेखात सगळा भर शिबिरांतल्या संध्याकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमांवर दिलाय. 1967 पासून बाबा आमट्यांच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमदानाचं शिबिर, भरते. तिथे मी गेलोय. चंद्रपूरच्या त्या उन्हात माती भरलेलं घमेलं पुढच्याच्या हातात देताना तो कुठल्या राज्याचा, कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही; ओळख आधी होते, चौकशी नंतर. माझी तिथली मैत्री कामातच जमली. गाणी-नाच असावेतच, पण आयोजकांनी सकाळचे कष्टाचे तास कापून ते वाढवू नयेत, एवढीच कळकळीची विनंती.